पंख्याखालची जागा

सकाळी वाचनालयाचं कुलूप काढायला जावं तर पायरीवर तीन-चार पोरं आधीच ठाण मांडून बसलेली. बाहेरगावच्या माणसाला वाटेल, आष्टीला वाचनाचं काय वेड! वेड आहे, पण पंख्याखालच्या खुर्चीचं. दार उघडलं की एसटीच्या खिडकीतून टाकावा तसा रुमाल खुर्चीवर पडतो आणि मगच धनी आत येतो. ही तलाठी भरती, पोलीस भरतीची मंडळी. पुस्तकं त्यांची त्यांनी आणलेली, डबाही घरचा. आमच्याकडून त्यांना लागतो तो वारा आणि मोबाइल चार्ज करायला बटण. चैत्र-वैशाखात धर्मग्रंथांच्या कपाटापाशी बघावं तेव्हा गर्दी, कारण धड फिरणारा पंखा तिथंच आहे.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. आमच्या वर्तमानपत्रांच्या टेबलावर हा नियम चालवायचा म्हणजे अवघड काम, कारण तिथला वाचक वेळ घालवायलाच आलेला असतो. एका पेपरच्या नऊच्या आत चार वाटण्या होतात. पहिलं पान निवृत्त गुरुजींकडे, खेळाचं पोरांकडे, राशिभविष्य ज्याला त्यावर विश्वास नाही त्याच्याकडे (तो स्वतःची रास वाचून झाली की जावयाचीही वाचतो), आणि बाजारभाव एका कांदेवाल्या आबांकडे. नगरच्या नेप्तीला कांदा काय भावानं गेला हे आबा मोठ्यानं वाचतात. डोक्यावर ‘शांतता राखा’ची पाटी असते. पण भाव पडला असेल तर शांतता कोण राखणार? तो त्या पाटीचा विषयच नाही.

२०२२ च्या सप्टेंबरात नगरहून आष्टीपर्यंत रेल्वे आली आणि आमच्या कामात चौकशीची खिडकी वाढली. “गाडी कितीला हाय?” हे विचारायला माणसं बिनदिक्कत आत येतात. अर्ज लिहून घ्यायला येतात, चष्मा मागायला येतात, बाजारच्या दिवशी पिशवी ठेवून जातात. पिशवीला दाखल क्रमांक द्यायचा तेवढा राहिलाय.

पुस्तकं नेणारे थोडे, पण नेतात ते कुठवर नेतील याचा नेम नाही. दिवाळीच्या सुमारास गावं ऊसतोडीला निघतात. अशाच एका घरातली सातवी-आठवीतली पोरगी आमची सभासद. पुस्तक परत करायच्या तारखेला घराला कुलूप. पुस्तक कोयता, भांडीकुंडी, पिठाच्या डब्याबरोबर ट्रॅक्टरमध्ये बसून कारखान्यावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, गेलेलं. उन्हाळ्याच्या तोंडाला परत आलं ते पानापानाला चुलीचा धूर मुरवून आणि कव्हराला चिकटलेलं उसाचं पाचट घेऊन. आमची बाकीची पुस्तकं आष्टीची शीवसुद्धा ओलांडत नाहीत. हे हंगाम करून आलं होतं.

मी नियमाप्रमाणे दंडाचा हिशेब मांडला. तो पुस्तकाच्या किमतीच्या पुढं गेला.

पोरगी म्हणाली, “सर, कोपीवर आम्ही सगळ्यांनी वाचलं. शेजारच्या कोपीतल्यांनीबी. मग दंड सगळ्यांत वाटायचा का?”

दंडाच्या वहीत ‘कोपी’ असा रकाना नाही. मी पाचट काढून टाकलं आणि पुस्तक जमा करून घेतलं.

जाता जाता ती म्हणाली, “दिवाळीला याहून जाड बघून ठेवा. हे डिसेंबरातच संपलं.”

जाड म्हटल्यावर ‘मृत्युंजय’च. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ ची, आपला सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदाही १९६७ चाच. दोन्ही एकाच वयाचे, दोन्ही आमच्या कपाटात. कायद्याची प्रत अजून करकरीत आहे. ‘मृत्युंजय’ची शिवण सुटलीय, पाठ गेलीय, शेवटची पानं सुतळीनं बांधलीत. दिवाळीच्या आत बाइंडिंगला टाकायला हवी, आणि या खेपेला कव्हर जरा जाड पुठ्ठ्याचंच घालायला सांगतो.