मात्रा जाणून जेवणे



वर्षावासाच्या ग्रंथवाचनानंतर अकोल्याकडील एका वस्तीत मी बेताच्या आहाराविषयी दोन शब्द बोललो. तेव्हा मागे बसलेली एक वृद्ध माय उठून म्हणाली, "गुरुजी, आमची जिनगानी उपाशी गेली. आता कुठी लेकराच्या ताटात दोन पोया जास्त पडू राह्यल्या, त तुमी म्हनता कमी खा!"

मायचा प्रश्न खरा आहे. त्याला टाळून धम्म सांगता येणार नाही.

आपल्या बापजाद्यांची भूक त्यांनी स्वीकारलेली नव्हती, ती त्यांच्यावर लादलेली होती. म्हणूनच १९२७ साली महाडला परमपूज्य बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे अन्न सोडण्यास सांगितले. पोट रिकामे असतानाही आपल्या माणसांनी ते ऐकले. काय खायचे नाही हे ज्या दिवशी आपण स्वतः ठरविले, त्या दिवशी आपण कुणाच्या तुकड्यांवर जगणारे उरलो नाही. आज ताट भरलेले असताना किती खायचे हे स्वतः ठरविणे, ही त्याच वाटेवरची पुढची पायरी आहे.

कोसलचा राजा प्रसेनजित पोटभर भात खाऊन धापा टाकीत भगवान बुद्धांकडे आला, अशी कथा संयुत्त निकायात आहे. तो द्रोणभर तांदळाचे अन्न खाई. द्रोण म्हणजे धान्याचे मोठे माप. तथागतांनी त्याला रागावले नाही, उपासही सांगितला नाही. सावध राहून मात्रा जाणून जेवणाऱ्याचे दुखणे हलके होते आणि म्हातारपण सावकाश येते, अशा आशयाची एक गाथा त्यांनी म्हटली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करून रोज जेवताना म्हणावयास सांगितले. हळूहळू राजा एका नाळीवर, म्हणजे पुष्कळच लहान मापावर आला. अंग सडपातळ झाल्यावर त्याने स्वतःच्या अंगावरून हात फिरवून भगवंतांचे उपकार मानले.

यातील 'हळूहळू' हा शब्द ध्यानात ठेवा. उरुवेलेला शरीर सुकवून काही साधत नाही, हे स्वतः सिद्धार्थाने अनुभवले. एक दिवस कडक उपास आणि दुसऱ्या दिवशी ताटावर तुटून पडणे, हा मध्यम मार्ग नव्हे.

व्यायामाचेही तेच. चंक्रमण, म्हणजे नियमाने चालणे, याचे पाच लाभ भगवंतांनी भिक्खूंना सांगितले. लांबचा प्रवास झेपतो, कष्ट झेपतात, रोग कमी होतात, खाल्लेले पचते आणि मनाची एकाग्रता टिकते. आजची जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालण्याइतका व्यायाम सांगते. दिवसाला अर्धा तासही होत नाही!

आपले आईबाप निंदण, वेचणी करीत आणि ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, तुरीचे वरण खात. त्यांना वेगळा व्यायाम नको होता. आपण शिकलो, खुर्चीवर बसलो, ही बाबासाहेबांची कृपा. पण श्रम सुटले आणि साखरेचा चहा, आलुबोंडा, फरसाण वाढले. मधुमेह आणि रक्तदाब त्याच वाटेने घरात शिरतात.

आखाड्यात मूर्ती असते म्हणून काही तरुण तिकडे फिरकत नाहीत. अरे, दंड-बैठकांना मूर्ती कशाला लागते? विहाराचे अंगण पुरे आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हुतुतूसारखे आपल्या मातीतले खेळ करून दाखविले. त्या खेळांना मैदान आणि मेहनत एवढेच लागते.

आणखी एक सांगतो. मात्रा म्हणजे केवळ कमी नव्हे. सर्वांना वाढून शेवटी उरलेसुरले खाणारी घरची सून, गरोदर लेक, वाळलेले पोर, यांची मात्रा वाढवावयाची आहे. पुरुषाने पोळी कमी करावी आणि बाईच्या ताटात वरण-भाजी कमी पडू देऊ नये. सर्वांनी एका पंगतीत बसावे, म्हणजे कुणाला किती मिळते ते दिसेल. दारूची मात्रा मात्र एकच, शून्य. तशी प्रतिज्ञाच आपण घेतली आहे.

बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या वेदना होत्या. तरी ते लिहीत राहिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षा दिली आणि ५३ दिवसांनी ते गेले. वय अवघे ६५. त्यांनी आपल्यासाठी देह झिजविला. तो वाचविलेला देह आपण आळसाने आणि जिभेच्या लाडाने दवडावा काय?

त्या मायला मी म्हणालो, "माय, लेकराला उपाशी ठेवू नको. तुझ्या उपासाचं त्यानं सोनं करावं, एवढा काळ त्याला निरोगी जगू दे." माय क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मंग सकाळी त्याले मीच उठवतो."

नमो बुद्धाय. जय भीम.