गाठीची जागा

ठाणे स्टेशनच्या पुलावर रोज सकाळी आम्ही एकमेकांचा निरोप घेतो. निरोप कसला, गर्दीत हात सुटतो एवढंच. ती सीएसएमटीकडच्या फलाटाचा जिना उतरते, मी अंबरनाथ-बदलापूरकडच्या. तिची बँक फोर्टात, माझा कारखाना अंबरनाथच्या एमआयडीसीत. माझी गाडी येते, मी सावकाश चढतो, बहुतेकदा खिडकी मिळते. पेपर उघडेपर्यंत पलीकडे ती दिसत असते. ओढणी नीट खोवलेली, सॅक पाठीवरून पुढे पोटाशी घेतलेली, उजवा पाय थोडा पुढे. एक गाडी ती सोडते, कधी दुसरीही. मग माझी गाडी हलते आणि ती चढली की नाही ते मला कळत नाही.

लग्न ठरलं तेव्हा घर कुठे घ्यायचं हा प्रश्न मी हिशेबाने सोडवला होता, आणि त्याचा मला बराच अभिमान होता. सीएसएमटी ते अंबरनाथ साठेक किलोमीटर. मध्ये ठाणं. तिला 34, मला 26. अगदी मधोमध नाही, पण तिची गाडी जलद आणि ठाण्याहून सुटणाऱ्या लोकलही भरपूर, तेव्हा फिटंफाट. घर दाखवणारा एजंट म्हणाला, ‘स्टेशन पाच मिनिटांवर.’ ती पाच मिनिटं कुणाची, ते आम्ही विचारलं नाही. पंधरा निघाली.

त्या हिशेबातली फट मला फार उशिरा दिसली. दादरला घर घेतलं असतं तर तिला 9 आणि मला 51. घाटकोपरला 19 आणि 41. डोंबिवलीला 48 आणि 12. बेरीज सगळीकडे साठच. दोन टोकांमधल्या रेषेवर घर कुठेही ठेवा, दोघांचं मिळून अंतर तेवढंच राहतं, बदलते ती वाटणी. म्हणजे गणिताने मला काहीच सांगितलं नव्हतं. वाटणी मी केली होती आणि गणिताच्या नावावर खपवली होती.

आल्फ्रेड वेबर नावाच्या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने 1909 साली कारखाना कुठे काढावा या प्रश्नावर एक पुस्तक लिहिलं. (समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर त्याचा थोरला भाऊ.) कच्चा माल एका गावी, कोळसा दुसऱ्या, बाजारपेठ तिसऱ्या, तर वाहतुकीचा खर्च सर्वांत कमी कुठे येईल? हा प्रश्न डोळ्यांना दाखवणारं एक साधन आहे, व्हारिन्यों या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखलं जाणारं. फळीला भोकं पाडायची, प्रत्येक भोकातून एक दोरी खाली सोडून तिला वजन टांगायचं आणि वरच्या बाजूला सगळ्या दोऱ्यांची मिळून एक गाठ मारायची. गाठ सोडली की ती सरकत जाते आणि एका जागी थांबते. ती जागा म्हणजे उत्तर.

मी कारखान्यातला माणूस, करून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. एका रविवारी प्लायचा तुकडा घेतला, दोन भोकं पाडली, कडा घासून गुळगुळीत केल्या, मासे पकडायची नायलॉनची दोरी ओवली आणि खाली नट टांगले. दोन्हीकडे सारखे नट असले की गाठ जिथे ठेवाल तिथेच बसते. दादर म्हणा, डोंबिवली म्हणा, तिला फरक पडत नाही. मग एका बाजूला तीन नट वाढवले. मला वाटलं होतं, गाठ थोडी तिकडे सरकेल आणि थांबेल. ती थांबलीच नाही. सरळ भोकाशी जाऊन अडकली. पुन्हा मध्यावर आणून सोडली, पुन्हा तेच.

त्या तीन नटांवर मी बराच वेळ विचार करत बसलो. दोघांच्या नोकऱ्यांत थोडा फरक असला तर घरही मध्यापासून थोडंच हलायला हवं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात, दोनच दोऱ्या असल्या की थोडं जड असलेलं टोक सगळं घर ओढून नेतं. आजूबाजूला पाहिलं तर हेच दिसतं. त्याचा पगार जरा जास्त, म्हणून घर त्याच्या ऑफिसजवळ. घर तिकडे, म्हणून तिने नोकरीही तिकडचीच बघायची. तिकडे मिळेल ती नोकरी, म्हणून पगार कमी. पगार कमी, म्हणून पुढच्या वेळी घर बदलताना पुन्हा त्याच्याच ऑफिसजवळ. दर फेरीला एक नट वाढत जातो. सुझन हॅन्सन आणि जेराल्डिन प्रॅट या दोघींनी अमेरिकेतल्या वूस्टर शहरातल्या नोकरदार घरांचा अभ्यास करून 1995 साली पुस्तक लिहिलं, त्यातही कितीतरी बायकांची नोकरी घराच्या पत्त्यावरून ठरलेली दिसते. वूस्टर कशाला, आमच्या सोसायटीच्या जिन्यात उभं राहिलं तरी पुरे.

मुंबईने हा प्रश्न पूर्वी वेगळ्या पद्धतीने सोडवला होता: नवराबायकोलाच वेगळं ठेवून. गिरणगावातला चाकरमानी लालबाग-परळच्या खोलीत, बायको कोकणात शेताभाताला. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे पाच-दहा जण, जेवण खानावळीत, पगाराची मनीऑर्डर गावाला आणि भेट गणपती-शिमग्याला. घर कुठे, या प्रश्नाला त्या माणसाचं उत्तर तयार असायचं: ‘गावाला.’ मुंबईत होती ती खोली. गंमत अशी की त्या काळी बाईचं कामही ‘काम’ धरलं गेलं असतं तर चाकरमान्याचं कुटुंब हे दोन ठिकाणी नोकरी करणारं जोडपंच होतं, फक्त दोन टोकांमध्ये साठऐवजी चारशे किलोमीटर. तिचं शेत कुणी फळीवर टांगलं नाही.

पुढे जोडपी शहरात एकत्र राहू लागली तरी बराच काळ कामाचं टोक एकच होतं. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी ठाण्याला आली, तेव्हापासून या शहराची घडण दोरीसारखी लांबट. कचेऱ्या दक्षिणेच्या टोकाला, माणसं दोरीवर जिथे परवडेल तिथे. प्रश्न एवढाच होता की किती लांब जायचं. मग सीप्झ आलं, गिरण्या गेल्या, वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं, नवी मुंबईत कचेऱ्या गेल्या, आणि बायकाही नोकरीला बाहेर पडल्या. आता एकाच घरातून एक जण अंधेरीला आणि एक जण ऐरोलीला निघतो. अशांसाठी ठाणे-वाशी रेल्वे 2004 साली आणि घाटकोपर-वर्सोवा मेट्रो 2014 साली आली. आडव्या वाटा उभ्या वाटांपेक्षा दीडशे वर्षांनी आल्या, आणि त्याचा भुर्दंड जोडपी भरत आहेत.

पण माझ्या हिशेबाची खरी चूक किलोमीटर मोजण्यातच होती. सकाळी सगळी गर्दी मुंबईच्या दिशेने वाहते. मी उलटा जातो. संध्याकाळी ती गर्दीबरोबर परतते. मी पुन्हा उलटा. माझे 26 किलोमीटर म्हणजे एक अग्रलेख, एक डुलकी आणि कल्याणनंतर मोकळी हवा. तिचे 34 म्हणजे ‘कुठे उतरणार?’ असं विचारून सांगून ठेवलेली सीट, ती मिळाली तर, चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीने बसणं आणि संध्याकाळी कधी कधी सीटसाठी भायखळ्याला जाऊन रिटर्न येणं. मी घरी येतो तेव्हा मी कामावरून आलेला असतो. ती येते तेव्हा प्रवासातून आलेली असते. हे मला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. रोज खिडकीतून दिसतच होतं.

तिसरी दोरी आमच्याकडे मुलगी झाल्यावर आली. माझ्या सासूबाई डोंबिवलीला राहतात. नातीला सांभाळायला त्या तयार होत्या, आणि मी फळीला तिसरं भोक पाडलं. आता गाठ जागेवर राहीना. तिन्ही टोकं एकाच रेषेवर आणि बाहेरच्या दोन टोकांचं वजन सारखं असलं की गाठ मधल्या टोकाशी जाते. म्हणजे घर डोंबिवलीला हलवा. पहिल्यांदाच गणिताने ठाम उत्तर दिलं होतं. त्यात माझे 14 किलोमीटर वाचत होते आणि नेमके तेवढेच तिचे वाढत होते.

तिने फळीकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘यात मी डोंबिवलीला गाडीत शिरणार कशी, ते कुठंय?’

मग सासूबाईंनीच ठाण्याला यावं, असं मी सुचवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘माझं भजनी मंडळ मंगळवारी असतं,’ त्या म्हणाल्या. ‘फडके रोडवरचा भाजीवाला मला न विचारता दुधी वेगळा काढून ठेवतो. चाळीस वर्षं झाली तिथे. जावईबापू, तुमच्या त्या पाटावर माझं वजन किती धरलंय?’ मी एकच नट लावला होता. तोही त्यांच्यासाठी नव्हता, आम्हाला त्यांची जेवढी गरज होती तेवढ्यापुरता होता.

शेवटी ठाण्यातच पाळणाघर पाहिलं. तिथे मला घरांबद्दलची एक गोष्ट कळली, जी कुठल्याही फळीवर दिसत नाही. ज्याची नोकरी घराजवळ त्याने सिलिंडर घ्यायचा, शाळेच्या सभेला जायचं, पोराला ताप आला की धावायचं, असा सर्वमान्य नियम आहे. बायकोची नोकरी जवळ असली की हा नियम काटेकोर पाळला जातो. प्रवासातले वाचलेले दोन तास घर गिळून टाकतं आणि वर ‘तुझं बरंय, जवळ आहे’ हेही ऐकावं लागतं. आमच्या घरी जवळचा मी. गाडीही मला रिकामी मिळते. पाळणाघराच्या वहीत पहिला फोन नंबर माझा लिहिलेला आहे, मी स्वतः लिहिला आहे. फोन येतो फोर्टात. ‘ताई, जरा अंग गरम लागतंय.’ मग फोर्टातून फोन अंबरनाथला, आणि मग मी निघतो. एकदा मी पाळणाघरातल्या मावशींना विचारलं, मला का नाही करत? त्या लाजून म्हणाल्या, ‘तुम्ही कामात असाल ना.’

दोन नोकऱ्यांमधल्या अंतराच्या प्रश्नाला सरकारी कागदाने एक आकडा दिला होता. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांसाठी 2017 साली निघालेल्या शासन निर्णयात ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ असा गट होता. दोघांच्या नेमणुकीच्या ठिकाणांत 30 किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर बदलीत प्राधान्य मिळत असे. शब्द मला आवडला. एकत्रीकरण! शेतांचं करतात तसं. आणि आकडाही निदान प्रामाणिक आहे, कुणीतरी बसून ठरवलं तरी की किती लांब म्हणजे लांब. त्या मापाने आम्ही दुप्पट विभक्त आहोत. फक्त रात्री एका छपराखाली झोपतो.

घर भाड्याचं असतं तर या सगळ्याला एवढं महत्त्व नव्हतं. नोकरी पाच-सात वर्षांत बदलते आणि गृहकर्ज वीस वर्षांचं असतं. गाठ सरकायची सोय असते तोवरच आपण तिला खिळा मारून मोकळे होतो. माझ्या वडिलांच्या पिढीत एका नोकरीत निवृत्त होणारी माणसं होती, त्यांना खिळा शोभत होता. तरी आम्ही मारलाच. भाड्याच्या घरात पोरीचं लग्न कसं होणार, असं मामा म्हणाले होते. पोरगी तेव्हा जन्मलीही नव्हती.

गेल्या महिन्यात तिच्या बँकेचं पत्र आलं. तिचा विभाग फोर्टातून वांद्रे-कुर्ला संकुलात हलतोय. मी लगेच कागद ओढला. ठाणे ते कुर्ला 18, पुढे चार-पाच. म्हणजे तिचे तेवीस आणि माझे 26. ‘बघ,’ मी म्हणालो, ‘आता लांब कोण जातंय? पाळणाघराचा पहिला नंबर आता तुझा.’ मी गमतीनेच म्हणालो होतो, निदान मला तसं वाटलं होतं.

ती चहा गाळत होती. ‘सकाळी साडेनऊला कुर्ल्याला उतरलायस कधी?’

नव्हतो उतरलो. कुर्ल्यावरून मी कितीदा गेलो आहे, पण त्या वेळेला तिथे उतरून, जिना चढून, शेअर रिक्षाच्या रांगेत उभा राहिलेलो नाही.

‘मग रजा टाक,’ ती म्हणाली. ‘एक दिवस नाही, आठवडाभर. माझ्या वेळेला, माझी सॅक घेऊन. डबा, पाण्याची बाटली, छत्री, सगळं आत. मग मांड तुझे नट.’

सोमवारपासूनची रजा मंजूर झाली आहे. फळी माळ्यावर आहे.