वाचल्यानंतरचे ऋण

अतिदक्षता विभागातून माणूस जिवंत परतला की आपण परमेश्वराचे आभार मानतो. ते योग्यच आहे. पण क्वचित एखाद्याचे डोळे काही आठवड्यांनी पिवळे होतात, अंगाला असह्य खाज सुटते, हुडहुडी भरून ताप येतो. मूळ आजार बरा झालेला असतो. पित्तनलिका मात्र आतून आकसत चाललेल्या असतात.

यकृताच्या पेशींना दोन वाटांनी रक्त मिळते, पित्तनलिकांना केवळ रोहिणीतून. रक्तदाब कोसळला आणि कृत्रिम श्वासोच्छ्वास दीर्घकाळ चालला, की या नलिकांचा रक्तपुरवठा तुटतो. रक्तदाब सावरणारी औषधे रक्तवाहिन्या आवळतात, तीही त्याला हातभार लावत असावीत. नलिकांचे अस्तर झडते, व्रण होतात, मार्ग बुजतो. जर्मन वैद्यांनी २००१ साली या विकाराची नोंद केली. २०२० नंतर कोविडच्या काही रुग्णांतही तो दिसला. अनेकांचे यकृत निकामी होते आणि प्रत्यारोपणाखेरीज खात्रीचा उपाय उरत नाही.

कोविडच्या काळात आमच्या वर्तकनगरच्या वसाहतींतूनही पुष्कळांनी थरथरत्या हाताने संमतिपत्रांवर सह्या केल्या. ज्या उपचाराने जीव वाचवला त्यानेच इजा केली, तर सही करणारा दोषी ठरतो काय? संत थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षणाचा विचार करताना दाखवून दिले, की एकाच कृतीचे दोन परिणाम संभवतात आणि हेतू त्यांतल्या एकाचाच असू शकतो. येथे हेतू प्राण राखण्याचा होता. इजा हे त्याचे साधन नव्हते. तेव्हा पाप नाही.

पण पाप नाही म्हणून कर्तव्यही नाही, असे आपण फार लवकर ठरवतो. दयाळू शोमरोनीने त्या वाटसरूला जखमी केले नव्हते; तरीही दोन दिनार देऊन, अधिक खर्च झाल्यास परत येताना देईन, असे तो सांगून गेला. आपण दोन दिनार देतो. परत येणे मात्र विसरतो. ‘वाचलास ना, आता देवाचे आभार मान,’ असे म्हणून खाजेने रात्र जागणाऱ्याचे तोंड बंद करतो. कृतज्ञता आणि गाऱ्हाणे एकाच मुखी नांदू शकतात. स्तोत्रसंहिता त्याला साक्ष आहे.

प्रत्यारोपणाची वेळ आली की हे ऋण घरातल्या एकाच माणसाच्या माथी मारले जाते, बहुधा पत्नीच्या किंवा आईच्या. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २९ ऑगस्ट २००० रोजी प्रत्यारोपण-तज्ज्ञांपुढे बोलताना अवयवदानाला प्रेमाची देणगी मानले आणि दात्याच्या जाणत्या, मुक्त संमतीचा आग्रह धरला. देणगी वसूल करता येत नाही. दात्याला डॉक्टरांशी एकांतात बोलू द्यावे, सासर-माहेरचे कोणी जवळ नसताना. तिने नकार दिला तर त्या घरी रुग्णासाठी पवित्र कम्युनियन नेताना आम्ही स्वयंपाकघरातही डोकावतो, तिची विचारपूस करायला.