पंडितेची साधी मराठी

चाकणच्या कारखान्यांकडे निघालेल्या पहिल्या पाळीच्या बसमध्ये आता मुलीही असतात. गळ्यात ओळखपत्र, मांडीवर डबा, डोळ्यांत उरलेली झोप.

याच पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या केडगावला, शंभर वर्षांपूर्वी मुलींच्या हाती छापखाना होता. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशन या स्त्रियांच्या आश्रमाचा. कुणी दुष्काळात निराधार झालेली, कुणी कोवळ्या वयात विधवा. शिशाचा एकेक खिळा उचलायचा, उलटं अक्षर सुलटं वाचायचं, काना-मात्रा सांभाळत ओळ जुळवायची. अशा हातांनी अख्खं बायबल छापलं!

त्याचं मराठी भाषांतर रमाबाईंचंच. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली ही बाई. संस्कृत तर जिभेवर. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे, बायबल मुळातून वाचता यावं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आणि एवढी विद्या गाठीशी असताना जड शब्द बाजूला ठेवून खेड्यातल्या बाईला कळेल अशी मराठी लिहीत राहिल्या. ख्रिस्ती नम्रता ती हीच. आपल्याला किती येतं ते दाखवण्यापेक्षा समोरच्या माणसाला काय पेलेल, ते त्यांनी आधी पाहिलं.

ऐकू कमी येई. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी डोळे मिटले, तेव्हा भाषांतर पुरं झालं होतं. १९२४ मध्ये तो ग्रंथ वाचकांच्या हाती आला.