मोकळं व्हायचं, पण कोणापाशी?

पुरुषांनी बोलायला हवं, हे आता सगळेच म्हणतात. १९ नोव्हेंबरच्या पुरुष दिनाला ऑफिसांतून व्याख्यानं होतात, 'मन मोकळं करा' असे संदेश फिरतात. सल्ला चांगलाच आहे. पण त्यात सगळी जबाबदारी बोलणाऱ्यावर येऊन पडते, हे मला खटकतं. मराठी समाजात हा विचार कुठून कुठे आला ते पाहिलं, तर खरी अडचण दुसरीकडेच असल्याचं दिसतं.

आपल्याकडे पुरुषाने दुःख सांगायची रीतच नव्हती, असं नाही. सतराव्या शतकात तुकोबांनी दुष्काळात बायको अन्नावाचून गेल्याचं, धंदा बुडाल्याचं, त्यापायी वाटलेल्या लाजेचं सरळ अभंगात सांगून टाकलं. ऐकायला विठोबा होता आणि भोवती टाळ घेतलेली माणसं होती. वारीत आजही पुरुष एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात, त्यांना कुणी हटकत नाही. त्याच शतकात रामदासांनी मनाला समजावणारे २०५ श्लोक रचले आणि पुढे घरोघरी मुलांकडून तेच पाठ करून घेतले गेले. मनाला आवर घालणं मोलाचंच आहे. पण घरात आवर आणि वर्षातून एकदा वारीत मोकळीक, अशी वाटणी होऊन बसली असावी.

मग साने गुरुजी आले. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली आणि डोळ्यांत पाणी येणारा पुरुष मराठी घरांत मानाने वावरू लागला. रडकं साहित्य म्हणून हिणवणारेही होते, पण वाचकांनी त्यांचं ऐकलं नाही. ११ जून १९५० रोजी गुरुजींनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. त्यामागचं कारण एका ओळीत सांगायचं धाडस कुणी करू नये. लोक त्यांच्याकडे आपलं दुःख घेऊन येत. ते स्वतःचं कुणाकडे नेत असतील, हा प्रश्न मात्र मला छळतो. हळवं असणं वेगळं आणि आपलं ओझं कुणाच्या हाती देता येणं वेगळं, हे तिथे फार जवळून दिसतं.

कुणाचे वडील गेले की स्मशानात बघा. मुलाने खांद्यावर मडकं घेतलेलं असतं आणि मागून कुणीतरी सांगतं, 'धीर धर, आता घर तुझ्यावर.' चिता पेटते न पेटते तोच दुसरा कुणी आधार कार्डाच्या झेरॉक्सचं विचारतो, दाखल्यासाठी लागणार असते. तोही बिचारा मदतच करत असतो. दहाव्यापर्यंत त्या मुलाला लाकडं, जेवणं, गुरुजी, बँक, सगळ्याबद्दल विचारलं जातं. तुझं काय चाललंय, एवढंच राहून जातं.

हे विचारणारं माणूस मुद्दाम तयार करावं लागतं, ही समज आपल्याकडे आली ती व्यसनमुक्तीच्या वाटेने. १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केलं. तिथे गटात बसून स्वतःबद्दल बोलणं हा उपचाराचाच भाग, आणि समोर ऐकणाऱ्यांत स्वतः व्यसनातून बाहेर आलेली माणसंही असतात. दारू सोडवायला आणलेला माणूस अशा ठिकाणी बापाच्या माराबद्दल बोलू लागतो, सुटलेल्या नोकरीबद्दल बोलतो. दुसरी वाट स्त्रियांच्या चळवळीने दाखवली. बायकोवर हात उगारणं मान्य नसलेल्या पुरुषांची 'मावा' ही संघटना १९९३ साली मुंबईत उभी राहिली. हरीश सदानी तिच्या संस्थापकांपैकी एक. 'पुरुष स्पंदनं' हा तिचा अंक पुरुषांना स्वतःबद्दल लिहायला लावत आला. बायकांनी प्रश्न विचारले नसते, तर पुरुषांनी आपसांत हे काढलं असतं असं मला वाटत नाही.

तिसरं पाऊल विदर्भात पडलं, आणि मला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'संगत' संस्थेने 'विश्राम' हा कार्यक्रम राबवला. डॉक्टर नसलेल्या माणसांना समुपदेशनाचं शिक्षण दिलं आणि गावातच काम सुरू केलं. शेतकऱ्याला 'उदास वाटतं का?' असं विचारलं तर तो नाहीच म्हणणार. 'झोप लागते का? जेवण जातं का?' असं विचारलं की 'टेन्शन आहे' एवढं तरी बाहेर येतं, आणि मग कर्ज, मुलीचं लग्न, मेलेला बैल. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी १०० मध्ये ४ होते, ते १८ महिन्यांत २७ झाले. गावं तीच होती. फरक एवढाच, की ऐकणारं कुणीतरी दारात आलं होतं.

२०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत १०० मागे जवळपास ७२ पुरुष होते, आणि सर्वांत जास्त आकडा महाराष्ट्राचा होता. त्याच वर्षी 'टेलिमानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक सुरू झाला. तिथे मराठीतही बोलता येतं, अगदी रात्री-अपरात्रीसुद्धा. तो घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा. पण नुसत्या फोनवर भागत नाही. आत्महत्या करणाऱ्यांत रोजंदारीवरच्यांचं प्रमाण मोठं आहे आणि अशा माणसाने ओपीडीत जायचं म्हटलं तर दिवसाची मजुरी बुडते. त्याला संध्याकाळी, गावातच, कुणीतरी भेटायला हवं. भजनी मंडळ, तालीम, गणेश मंडळ गावोगाव आहेत. प्रत्येकातल्या दोघा-तिघांना 'विश्राम'सारखं शिक्षण द्यायला फार मोठा खर्च येणार नाही.