आधी त्यांचे पान

पारशी नववर्ष २०२४ पासून नेमके १५ ऑगस्टला येते आहे. झेंडावंदनाच्या गडबडीत ते आपल्या लक्षातही येत नाही. २०२८ साली ते १४ ऑगस्टला येईल आणि पुढे असेच दर चार वर्षांनी एकेक दिवस मागे सरकत राहील. खरे तर नवरोज हा वसंताचा सण. इराणमध्ये तो आजही २० किंवा २१ मार्चच्या सुमारास, दिवस आणि रात्र सारखी होते त्या क्षणी सुरू होतो. तो क्षण मिनिट-सेकंदांसह आधी जाहीर होतो आणि घरची माणसे मांडलेल्या सामानाभोवती त्याची वाट पाहत बसतात. मग तोच सण आपल्याकडच्या पारशांच्या अंगणात ऐन पावसात कसा आला?

कारण साधे आहे. त्यांचे वर्ष ३६५ दिवसांचे, त्यात लीप वर्षाची भर नाही. महिन्याच्या तीस दिवसांना तीस नावे, वर्षअखेरच्या पाच गाथा-दिवसांनाही प्रत्येकी एक नाव, आणि प्रार्थनेत त्या दिवसाचे, त्या महिन्याचे नाव घ्यावेच लागते. मध्येच एक जादा दिवस घुसवला तर कोणाच्या नावाने हात जोडायचे? म्हणून पाव दिवसाची चूक तशीच साठत गेली आणि काही शतकांत सण वसंतातून श्रावणापर्यंत आला. इराणमधली आणि हिंदुस्थानातली मोजणीही एक महिन्याने वेगळी पडली होती. त्यावरून १७४५ मध्ये सुरतेत तंटा झाला. काही जण इराणी मोजणीकडे वळले ते कदमी, जुन्या मोजणीवर राहिले ते शहेनशाही. आपली तापी जिथे समुद्राला मिळते तिथलीच ही गोष्ट. पुढे १९०६ मध्ये मुंबईत विद्वान खरशेदजी कामा यांच्या पुढाकाराने फसली पंचांगाचा प्रयत्न झाला, नवरोज पुन्हा २१ मार्चला आणायचा. फार थोड्यांनी तो स्वीकारला. बाकीच्यांपैकी बहुतेकांनी मार्चमधला जमशेदी नवरोजही ठेवला आणि ऑगस्टमधले नववर्षही. वर्षातून दोनदा शेवया, रवो आणि पुलाव मिळत असेल तर कोण तक्रार करेल!

मला मात्र राहून राहून वाटते, ऋतू हातचा गेला तरी लोकांनी तारीख सोडली नाही, त्यामागे दुसरे काहीतरी आहे. ते नववर्षाच्या दिवशी दिसत नाही, त्याच्या आधीच्या दहा दिवसांत दिसते. त्यांना मुक्ताद म्हणतात. या दहा दिवसांत गेलेल्या माणसांचे फ्रवशी, म्हणजे त्यांचे रक्षक आत्मे, घरी येतात अशी श्रद्धा. पूर्वी त्यासाठी घरातली एक खोली झाडून-पुसून मोकळी करत, टेबल मांडत. घरातून गेलेल्या माणसाच्या नावाचे चांदीचे फुलपात्र, त्यात ताजे पाणी आणि फुले, शेजारी तेवता दिवा. पाणी रोज बदलायचे. आता हे बहुतेक अग्यारीतच होते. शेवटचा दिवस पतेतीचा, वर्षभराच्या चुकांबद्दल पश्चात्ताप करण्याचा. आपण हौसेने ‘पतेतीच्या शुभेच्छा’ देतो, त्या खरे तर दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवायला हव्यात. आणि सर्वांना वाट करून दिल्यावर, मग नवे वर्ष.

इराणमध्येही तेच आढळते. नवरोजच्या आधी घर उलटेपालटे करून झाडतात, गालिचे धुतात. वर्षातल्या शेवटच्या गुरुवारी लोक आपल्या माणसांच्या थडग्यांवर जातात. यझ्द भागातल्या झरथुष्ट्री खेड्यांत नवरोजच्या पहाटे घरांच्या धाब्यांवर आगटी पेटवत, परत निघालेल्या पितरांना उजेड दाखवायला. मातीची धाब्याची घरे आणि त्यावरची ती आग खान्देशातल्या माणसाला सहज डोळ्यांसमोर आणता येईल. ‘हफ्त-सीन’ म्हणून सात वस्तू मांडतात. त्यांत लसूण, सफरचंद, शिरका आणि ताटलीत उगवलेला गव्हाचा हिरवा कोंब असतो. आपण नवरात्रात घटाभोवती गहू पेरतो, तसेच. तेराव्या दिवशी सगळे गाव रानात जाते आणि तो कोंब वाहत्या पाण्यात सोडतात.

आज आखजी. खान्देशात हा पितरांचा दिवस, हे बाहेरच्यांना सांगावे लागते, कारण त्यांना अक्षय्य तृतीया म्हटले की सोन्याच्या दुकानांच्या जाहिरातीच आठवतात. आपल्याकडे नवी घागर भरून ठेवतात, तिच्यावर लहान मडके, वर आंबा किंवा खरबूज. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, कुरडया. घरातल्या कोणाच्याही तोंडात घास जाण्याआधी निखाऱ्यावर तूप आणि घास पडतो. आगारी ती हीच. पोरी सासरहून आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, गौराईची गाणी चाललेली असतात आणि पारावर पत्त्यांचा डावही रंगलेला असतो, त्याचे मी काही समर्थन करत नाही. याच दिवशी सालदाराचे, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतगड्याचे, साल संपते. वर्षाचा हिशोब होतो, देणे-घेणे मिटते, नवे साल ठरते. म्हणजे आपले शेतीचे वर्ष आखजीपासून आखजीपर्यंत. ज्या दिवशी ते उघडते, त्याच दिवशी गेलेल्यांचे पान आधी वाढले जाते.

आखजीला मात्र पारशांसारखे भटकावे लागले नाही. आपल्या पंचांगाने अधिक महिना घालून तिला वैशाखाच्या उन्हात घट्ट धरून ठेवले. तरी मला वाटते, ती समजा पावसाळ्यात ढकलली गेली असती, तरी खान्देशाने घागर भरलीच असती. कैऱ्या-आंब्यांशिवाय भरली असती, इतकेच. ऋतू सण सुरू करतो, पण पुढे तो टिकतो तो येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांच्या शब्दावर. ‘येऊ’ म्हणून गेलेल्यांना ठरल्या दिवशी दार उघडे दिसले पाहिजे, हा हिशोब पंचांगापेक्षा जास्त कडक असतो. नाहीतर आकाशाकडे पाहून तारीख दुरुस्त करणे हा शहाण्या माणसांचा सोपा उपाय सगळ्यांनीच पत्करला नसता का?

पारशी घरांत एक गोष्ट मला विशेष आवडते. घराण्यातल्या गेलेल्या माणसांच्या नावांची यादीच लिहून ठेवलेली असते, ‘नामग्रहण’ म्हणतात तिला. विधीच्या वेळी मोबेद, म्हणजे त्यांचा पुरोहित, त्यातली नावे एकेक करून वाचतो, बायांची आणि बाप्यांचीही. आपल्याकडे आज पाणी सोडताना तीन पिढ्यांपर्यंत नावे आठवतात. त्यातही बापाकडची सहज ओठावर येतात आणि आईकडच्यांना थोडे अडखळायला होते. आजीच्या आईचे नाव विचारले तर घरात एकदम शांतता पसरते. जिने खापरावर हात भाजून घेतले, जिच्या हातची पोळी खाऊन तीन पिढ्या वाढल्या, तिच्या नावाला आगारीच्या वेळी जागा नसते.

आपल्या असोदा गावात एका बाईच्या बाबतीत मात्र तसे झाले नाही. उखाजी महाजनांच्या बायकोचे नाव भिमाई, हे आज महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिच्या लेकीला, १८८० साली इथेच जन्मलेल्या कवयित्री बहिणाबाईंना, लिहिता-वाचता येत नव्हते. पण घरातल्या मंडळींनी त्यांच्या ओव्या ऐकता ऐकता वहीत उतरवून घेतल्या, त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी त्या जपल्या आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले. त्या पुस्तकात आखजीवरही कविता आहे. भिमाईचे नाव टिकले ते या वहीमुळे. तिच्या वयाच्या, तिच्या आळीतल्या बाकी बाया कोण होत्या, हे सांगणारी माणसे अजून गावात आहेत. नव्वदीकडे झुकलेली. दुपारची जेवणे उरकून, पान-सुपारी झाली की त्यांच्यापुढे एक कोरी वही ठेवायला आजच्यासारखा दिवस नाही. पहिले नाव आजीच्या आईचे.