इमान कोणाशी?

ध्वनियंत्रांच्या व्यापारात ‘हाय फिडेलिटी’ हा शब्द फार जुना आहे. फिडेलिटी म्हणजे इमान. पतिपत्नी, धनी आणि सेवक, मित्र आणि मित्र यांच्यातील नात्यासाठी वापरावयाचा हा शब्द एका यंत्राला लावला गेला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. यंत्र इमानी असते म्हणजे काय? आणि ते कोणाशी इमानी असते?

ज्यांनी चांगली तबकडी चांगल्या यंत्रावर ऐकली आहे, त्यांना या शब्दाचा पहिला अर्थ सांगावा लागणार नाही. तबकडीच्या खाचेत गाणे कोरलेले असते. खाचेच्या दोन भिंतींवरून हिऱ्याची सुई सरकते आणि तिच्या सूक्ष्म कंपनाचे विजेत रूपांतर होते. हे कंपन इतके नाजूक की मोटरीची थरथर, जमिनीचा हादरा, तबकाच्या गतीतील किंचित चढउतार, हे सारे त्यात मिसळू पाहते. म्हणून तबक जड करावयाचे, मोटर दूर ठेवून पट्ट्याने ते फिरवावयाचे, सारा डोलारा स्प्रिंगांवर तोलावयाचा. एडगर विल्चर यांनी १९६१ साली अमेरिकेत या तत्त्वावर एक साधे व स्वस्त यंत्र बाजारात आणले. पुढे १९७०च्या दशकाच्या आरंभी ग्लासगो येथे ‘लिन सोंडेक’ हे यंत्र निघाले, आणि ते आजही तयार होते. खाचेतून जे उचलले गेले नाही, ते पुढचा कितीही महागडा स्पीकर परत आणू शकत नाही, असा या मंडळींचा सिद्धान्त. आज अशा यंत्रांच्या किमती काही लाखांच्या घरात जातात.

आपल्या संगीताला तर ही कसोटी अधिकच कडक. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी तबकडी दोन फेरे अधिक घेऊ लागली, की काळी एकचा षड्ज पांढरी दोनवर जातो. गतीत बारीकसा हेलकावा आला, तर तंबोराच डळमळू लागतो. आणि ज्या गाण्यात षड्ज डळमळला, तेथे उरले काय? तेव्हा उत्तम यंत्राची थोरवी एवढीच, की ते स्वतःचे काहीही घालीत नाही. दुसऱ्याचे म्हणणे शब्दशः नोंदवून वर पाठविणे व त्यात आपली मर्जी मिसळू न देणे किती कठीण असते, हे सरकारी कागदपत्रांत आयुष्य घालविलेल्या वाचकांना ठाऊक आहे. या अर्थाने यंत्राचे इमान हा खरोखरच एक सद्गुण आहे.

परंतु थोडे खोल गेले की या इमानाचा पाया वाटतो तितका सरळ दिसत नाही. तबकडी कोरताना मंद्र स्वर मुद्दाम दाबलेले आणि तार स्वर चढविलेले असतात. वाजविताना नेमके उलट करून तोल परत साधला जातो. १९५४ साली अमेरिकेत या फेरफाराचे एक प्रमाण ठरले आणि तेच पुढे सर्वत्र रूढ झाले. म्हणजे खाचेतले गाणे हे मुळातच एका कराराने बांधलेले गाणे आहे. त्याहून मोठा करार कालाचा. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान गायल्या, तेव्हा एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. तासभर फुलणारा राग त्या तीन मिनिटांत आवळून बसवावा लागला. त्या तबकडीशी यंत्र कितीही एकनिष्ठ राहिले, तरी मैफलीशी ते एकनिष्ठ आहे असे कसे म्हणावे?

या प्रश्नाची खरी परीक्षा २०२२ साली झाली. अमेरिकेतील मोबाइल फिडेलिटी ही संस्था रसिकांसाठी निवडक तबकड्या काढते. मूळ फितीवरून, मध्ये कोठेही संगणकीय अंकांचा स्पर्श न होता, त्या कोरल्या जातात अशी ग्राहकांची समजूत होती. मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्या सव्वाशे डॉलर किमतीच्या चाळीस हजार प्रती निघणार असे जाहीर झाले, तेव्हा मूळ फीत इतक्यांदा वाजविता येईल कशी, अशी शंका निघाली. चौकशीत संस्थेच्या तंत्रज्ञांनी मान्य केले, की २०११ पासून कित्येक तबकड्यांत अंकीय पायरी होती. संस्थेने क्षमा मागितली, प्रकरण न्यायालयात गेले, आणि तडजोडीत ग्राहकांना पैसे परत घेण्याचा मार्ग मिळाला.

आता विचार असा, की नुकसान कशाचे झाले? ज्या कानांनी वर्षानुवर्षे त्या तबकड्यांची शुद्धता वाखाणली, त्यांना ती पायरी ऐकू आलेली नव्हती. काही जण म्हणतील, आनंद मिळाला होता ना, मग तक्रार कसली? हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. विक्रेत्याने समजूत तशीच राहू दिली आणि तिचे मोल घेतले, हा अपराध ध्वनीत ऐकू येत नाही म्हणून लहान होत नाही. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. ऐकणाऱ्याचा आनंद खोटा नव्हता. खोटा होता तो त्याचा दावा. ‘मला फरक कळतो’ या अभिमानाला त्याने श्रवण मानले होते. पैसे परत मिळाले तरी हे नुकसान भरून निघत नाही, कारण ते त्याचे त्यानेच केलेले असते.

म्हणून महाग यंत्र घेणे हा दोष आहे असे मी म्हणणार नाही. तबकडी पुसणे, सुई हलकेच टेकविणे, वीस मिनिटांनी उठून बाजू पालटणे, यांत आदर आहे आणि अवधानही आहे. प्रश्न इतकाच, की ते अवधान अखेर कोठे पोचते? तबकडी संपल्यावर बोलणे निषादाचे निघते की सुईचे? सुईचेच निघत असेल, तर सेवकाच्या इमानाची स्तुती करता करता आपण धन्याला विसरलो.

अल्लादिया खाँसाहेबांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका नाही. त्यांच्या शिष्या, गोव्यातील केरीच्या केसरबाई केरकर यांच्या भैरवीची एक तबकडी मात्र १९७७ साली दोन व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई वारल्या. सोबत सुई आहे आणि तबकडी किती गतीने फिरवावी याची आकृतीही आहे. तबक मात्र नाही. ते ज्याला सापडेल त्याने स्वतः घडवावयाचे आहे. तो ते कितपत अचूक घडवील, हे पडताळून पाहणारा तेथे कोणी नसेल. मुलखापासून दूर, बदलीच्या गावी जुन्या फोनोवर तीच भैरवी लावणाऱ्याची स्थिती काही फार निराळी नसते. खरखर असेल, गतीही थोडी चुकत असेल. परंतु तो केसरबाईंना ऐकत असतो. इमानाचा हा दुसरा अर्धा भाग कोणतेही यंत्र आपल्या वतीने पाळू शकत नाही.